कवडीचा मुका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतल्या शब्दकोड्यात आडवा सात, सहा अक्षरं : 'लोहचुंबकासारखा पैसा ओढणारा, कंजूष'. उत्तर 'कवडीचुंबक'. उत्तर बरोबर, पण खूण चुकली. कवडी म्हणजे समुद्रातल्या गोगलगाईचं कवच. कुठल्याही लोहचुंबकानं ती ओढून दाखवावी! तीस वर्षं गणित-विज्ञान शिकवलेल्या माणसाला हे कोडं गिळवेना.

संस्कृतात चुंबक म्हणजे मुका घेणारा. लोखंड दिसलं की जाऊन बिलगणारा दगड तो लोहचुंबक, आणि कवडीचे मुके घेत बसणारा तो कवडीचुंबक. भाजीवालीही भवानीची नोट डोळ्यांना लावते, पण ती हातात येताना. आमच्या कवडीचुंबकाला उमाळा येतो तो कवडी हातातून सुटताना.

आणि कवडी म्हणजे किती? भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणिताच्या ग्रंथात (इ.स. ११५०) त्या काळच्या चलनाचं कोष्टकच आहे. वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा 'पण', सोळा पणांचा द्रम्म. म्हणजे द्रम्माच्या १२८० कवड्या. त्याच ग्रंथात एक उदाहरण आहे, ते मी नववीच्या वर्गाला दरवर्षी घालायचो. याचकानं हात पसरला तेव्हा एका 'कदर्या'नं, म्हणजे चिक्कू माणसानं, द्रम्माच्या निम्म्याच्या दोन तृतीयांशाचा पाऊण भाग घेतला, त्याचा पाचवा हिस्सा, त्याचा सोळावा, आणि त्याचाही पाव तेवढा दिला. तर कवड्या किती दिल्या? पोरं फळाभर अपूर्णांक छाटत बसायची आणि शेवटी उरायची एक कवडी. एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, एवढा हिशेब करण्यापेक्षा नाहीच म्हणायचं ना!" पुढे पाटणादेवीची सहल ठरली. भास्कराचार्यांच्या नातवानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला ते ठिकाण, म्हणून मी हौसेनं वर्गणी मागितली. त्याच पोरानं विचारलं, "द्रम्माचा कितवा भाग आणू?"

तेव्हा पुढच्या रविवारी आडवा सातची खूण सुधारून छापावी, ही विनंती. हा शब्द आमच्या घरात रोज वापरात आहे, आणि बायको तो कोणाला उद्देशून म्हणते ते सांगायला नको. अक्षर मुंगीएवढं आलं आहे, त्याबद्दल क्षमस्व. सगळं एका पोस्टकार्डात बसवायचं होतं.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, चाळीसगाव