सतरा नंबरचा चौकोन

शहापूर, बेळगाव
गुरुवार, रात्री

प्रिय टाचणे,

परवा फोनवर तू म्हणालीस, "तुमच्या भरतकामाच्या चोवीस चौकोनांतला सतरा नंबर सगळ्यांत देखणा, इथल्या बायका त्याच्यावरून हात फिरवत बसल्यात." मी "हो का" म्हटलं आणि गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवला. दूध नव्हतं.

तब्येतीचं आधी उरकते. माझा गुडघा जैसे थे, आईची शुगर जैसे थे, सासूबाई ठणठणीत. हे सगळं व्हॉट्सॅपवर बोलून पाठवता आलं असतं, पण तू ते स्वयंपाकघरात मोठ्यानं लावतेस, आणि हे फक्त तुझ्यासाठी आहे.

सतरा नंबरच्या मागच्या चिठ्ठीवर अक्काचं नाव आहे. (चिठ्ठी मराठीत की कानडीत यावर आमचे दोन गुरुवार गेले. शेवटी दोन्हींत लिहिलं आणि दोन्हींत शुद्धलेखन चुकलं.) पण तो चौकोन पूर्ण अक्काचा नाही. गोपुराची डावी बाजू माझी आहे.

पार्सल करायच्या आदल्या रात्री इस्त्री करत होते. तिसऱ्या पायरीवर एक धागा जास्त उचललेला दिसला. कसुतीच्या भरतकामात ना छापा, ना रेघ, नुसते कापडाचे धागे मोजायचे. एक सरकला की वरचं सगळं सरकतं. गोपूर डावीकडं झुकलेलं, दवाखान्याच्या बाकावर पेंगणाऱ्या म्हाताऱ्यासारखं. अक्काच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि तीन वर्षं ती "उन्हाळा सरला की करू" म्हणते. मला वाटलं, जर्मनीत जाणार, एवढ्या लांबच्या बायका बघणार, त्यांना काय वाटेल! बेळगावची अब्रू जणू माझ्याच इस्त्रीवर तोललेली.

साडेअकराला उसवायला बसले. गवंतीचं तुला सांगायला नको. जाताना एक टाका, एक जागा मोकळी. येताना त्याच वाटेनं मोकळ्या जागा भरत यायचं. परतीची वाट आधीच डोक्यात नसेल तर मधेच कुठल्या तरी फांदीवर अडकतेस. मी चारदा अडकले. दीडला सरळ केलं गोपूर, आणि खरं सांगते, खूश झाले.

सकाळी अक्का आली. सुलट बाजू तिनं बघितलीच नाही. चौकोन उलटा केला, अंगठा फिरवला आणि म्हणाली, "इद नंदल्ल." माझं नाही. रागावली की ती कानडीत शिरते, मग मराठीत यायला तिला वेळ लागतो.

दोन्ही अंगं सारखी दिसतात म्हणून आपण मिरवतो, पण तिच्या अंगठ्याला सारखी नव्हती. ती दोऱ्याचं टोक वळणापलीकडं पाच-सहा टाके मागं नेऊन जिरवते, मी दोन टाक्यांखाली सारून कापलं होतं. मी दोरा ओढूनही घेतला होता, त्यामुळं तिथं कापडाला बारीक चुणी होती. आणि तिच्या जुन्या टाक्यांची भोकं मॅटीच्या कापडात उघडीच होती.

मी म्हणाले, "अक्का, तुझ्याच भल्यासाठी केलं गं."

वाक्य तोंडातून सुटलं आणि टाचणे, मला तू दिसलीस. सातवी, प्रदर्शन, माझा रुमाल. तूही अगदी हेच म्हणाली होतीस. मी आठ महिने तुझ्याशी बोलले नव्हते आणि बक्षिसाची ती कंपासपेटी अजून माळ्यावर न उघडता पडली आहे. तेव्हा तुझी बाजू मला एकदाही कळली नाही. आता कळली, पण त्यानं तू सुटलीस असं समजू नकोस.

अक्का एवढंच बोलली, "चुकलं तर सांगायचं हुतं की. म्याच उसवलं असतं." तिचे सहा चौकोन होते, साडेतीनशे रुपयांप्रमाणे. तिनं पाचाचे मोजून घेतले, उरलेले सुयांच्या डबीखाली सरकवले. तेव्हापासून ती आलेली नाही. आज चौथा गुरुवार. तिच्या गल्लीवरून मी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा भाजी घ्यायची आठवण झाली.

आणि एवढं होऊनही मी तो पाठवला. तेविसाचं पार्सल कसं करायचं, म्हणून.

तुझ्या फ्रायबुर्गच्या पास्काल गोल्डनबेर्ग बाईंचं तू सांगितलंस ना, अफगाणिस्तानातल्या लघमानी गावच्या बायका लहान लहान चौकोन भरतात आणि युरोपातल्या बायका ते घेऊन आपल्या कामात जोडतात, तेव्हाच मी हरखले होते. एकीनं भरायचं, दुसरीनं भोवती रचायचं. दोघींची भेट नाही, भाषा नाही. आपणही तेच करू म्हणून उड्या मारल्या मी. आणि त्या चौकोनाच्या मधे गुपचूप हात घातला तोही मीच!

तुझ्या बायकांनी टाक्यांची नावं विचारलीत: गवंती, मुरगी, नेयगे, मेंती. मेंती म्हणजे मेथी, तो फुलीचा टाका. गवंती 'गंटु'वरून आलं म्हणतात, म्हणजे गाठ; आणि गंमत बघ, गाठ एकही चालत नाही. मला गाठाळ म्हणणाऱ्या बाईंना हे माहीत होतं का कोण जाणे. इरकलीच्या पदरावर आणि काळ्या चंद्रकळेवर हे काम शोभायचं, तुझ्या आजीची आठव.

सिद्दी बायकांच्या कवंदीचंही तू विचारलंस. खानापूर-हल्याळकडची, आपल्या वाकळेचीच बहीण. जुन्या साड्यांचे तुकडे कडेनं लावत आत मधापर्यंत यायचं, आणि चारी कोपऱ्यांना घडीचे त्रिकोण, त्यांना 'फुलं' म्हणतात. फुलं नसली तर कवंदी उघडी वाटते त्यांना. चौकशी करते, पण आधी हे निस्तरू दे. सध्या दुसऱ्याच्या कापडाला हात लावायची हिंमत नाही.

तू नवीन घरात गेलीस, बरं झालं. लेकाचा दात पडला का? नोकरीचं काय ठरलं ते कळव. कुंदा पाठवणार होते, मागच्या वेळी तुझ्या नवऱ्यानं एकट्यानं संपवला म्हणून राहिला.

आता काम सांगते. सतरा नंबर जोडू नकोस, कुणाला देऊही नकोस. परत पाठव, टपालाचे पैसे मी देते. आला की कोरी मॅटी, तोच लाल दोरा आणि डबीखालचे साडेतीनशे घेऊन अक्काच्या दारात जाणार आहे. घरात घेईल की नाही माहीत नाही. काय बोलू, तेवढं सांग. आठ महिन्यांनंतर तू काय बोलली होतीस, ते मला आठवत नाही, फक्त चिंचा आणल्या होत्यास हे आठवतं.

तुझीच,
गाठाळ

ता. क. पाठवण्याआधी एकदा उलटा करून अंगठा फिरव. तुला कळतंय का बघ.