चाकू टिकतो तो सांध्यावर

संपादक महोदय,

रोज खिशात ठेवायला एकच घडीचा चाकू घ्यायचा तर कोणता, असे विचारले की हल्ली उत्तरादाखल पोलादाचे नाव ऐकू येते. अमुक पोलाद धार जास्त टिकवते, तमुक गंजत नाही वगैरे. यात खोटे काही नाही. पण घडीचा चाकू पोलादामुळे कामातून गेला, असे क्वचितच घडते. तो सांध्यात ढिला पडतो, उघडे पाते मिटू न देणारे त्याचे लॉक नीट बसेनासे होते, नाहीतर डब्याचे झाकण उचकटताना टोक मोडते. म्हणून चाकू पारखताना आधी सांधा, मग पात्याची जाडी आणि पोलाद सगळ्यात शेवटी, असा क्रम सुचवावासा वाटतो.

सांध्याची परीक्षा हातात चाकू घेऊन मिनिटभरात होते. पाते पूर्ण उघडावे, एका हाताने मूठ घट्ट धरावी आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत पाते टोकाजवळ, धारेला बोट न लावता, दोन्ही बाजूंनी धरावे. आधी डावी-उजवीकडे, मग वर-खाली हलवून पाहावे. डावी-उजवीकडचा किंचित खेळ बहुधा खिळीचा, म्हणजे पाते ज्यावर फिरते त्या दांड्याचा, स्क्रू थोडासा आवळला की जातो. वर-खाली खेळ असेल तर मात्र पात्याचे बूड (मुठीत राहणारा मागचा भाग) आणि लॉक यांची बसणीच चुकलेली असते. तिथे स्क्रू कितीही आवळा, खेळ तसाच राहतो आणि पाते तेवढे जड फिरायला लागते. लॉकच्या नव्या कोऱ्या चाकूत असा खेळ जाणवला तर तो परत ठेवावा, पुढे तो वाढतच जाणार. नंतर चाकू बंद करून मुठीच्या फटीत उजेडात पाहावे. पाते मधोमध बसायला हवे. मुठीच्या आतल्या एखाद्या पत्र्याला घासत असेल तर दर उघडझापीला तिथे ओरखडा उमटेल.

खीळ स्क्रूची की रिव्हेटची, यावर उगीच वाद घातला जातो. रिव्हेट घरी आवळता येत नाही हे खरे, पण चांगला ठोकलेला रिव्हेट सहसा ढिला होतही नाही. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचे लाल चाकू रिव्हेटवरच उभे आहेत. स्क्रू आवळता येतो, तसाच तो आपोआप सुटतोही. त्यावर उपाय म्हणजे आट्यांवर निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सुटू नये म्हणून लावायच्या चिकट द्रवाचा) अगदी लहानसा ठिपका. लाल थ्रेडलॉकर लावू नये. तो चांगला तापवल्याशिवाय सुटत नाही आणि जोर लावताना स्क्रूच्या डोक्यातली खाच गुळगुळीत होऊन बसते. बहुतेक आधुनिक चाकूंना स्क्रूड्रायव्हरची टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या आकाराची, टी-६ आणि टी-८ ही दोन टोके पुरतात. पाते छर्रकन उघडावे म्हणून आता खिळीभोवती बारीक छऱ्यांचे बेअरिंग घालतात. दुकानात ते झकास वाटते, पण खिशातली धूळ आणि वाळू त्यात शिरली की पाते कचकच करू लागते आणि चाकू खोलावा लागतो. कांस्याच्या साध्या वॉशरवर पाते थोडे सावकाश उघडते, पण ते वॉशर मळ सोसतात. एकच चाकू घ्यायचा आहे ना, मग वॉशर घ्यावेत.

आता लॉक. जुनी पद्धत बिनलॉकची. मुठीच्या पाठीत बसवलेली पोलादी कमान पात्याच्या बुडाला दाबून धरते, बस्स. दोरी, पुठ्ठा, फळ, पाकीट अशी ओढून कापायची कामे यात निर्धास्त होतात, कारण जोर पाते उघडे राहील त्याच दिशेने पडतो. टोक खुपसून भोक पाडताना मात्र जोर उलटा लागतो आणि पाते बोटांवर मिटते. ज्याच्या कामात असे खुपसणे आहे, त्याने लॉक घ्यावेच.

लायनर लॉकला आजचे रूप अमेरिकी चाकू-कारागीर मायकेल वॉकर यांनी १९८०च्या दशकात दिले. मुठीच्या आतल्या पत्र्याची एक जीभ पाते उघडताच सरकून बुडामागे उभी राहते. ती कुठवर सरकते ते नीट पाहावे. बुडाच्या जाडीचा पाव ते अर्धा भाग तिने व्यापलेला असला की बसणी बरोबर. नुसती कडेला टेकत असेल तर घसरेल. आणि नव्यातच पार पलीकडच्या पत्र्यापर्यंत पोचत असेल, तर झीज सोसायला पुढे जागाच उरलेली नाही. या लॉकचा खरा शत्रू म्हणजे खिशातला सुती भुसा. तो जिभेच्या वाटेत दाबून बसतो, जीभ अर्ध्यावर थांबते आणि वापरणाऱ्याला वाटते की लॉक लागले. शिवाय बंद करताना अंगठा पात्याच्या वाटेतच असतो, आणि डावखुऱ्याला हे लॉक बहुधा उलटे पडते. मुठीच्या पाठीवर दाबायचे लॉक दोन्ही हातांना सारखेच चालते, फक्त त्याची खाच टाचणीने साफ ठेवावी लागते. फ्रान्समधल्या साव्हुआ भागात ओपिनेल चाकू १८९०पासून बनतो. १९५५ साली त्याला फिरती कडी मिळाली आणि तेवढ्या एका कडीवर त्याचे लॉक चालते. यात बिघडण्यासारखे जवळपास काही नाही, एक लाकडी मूठ सोडून. ती भिजली की फुगते आणि पाते अडकते. अशा वेळी बोटाने ओढाताण करू नये. कडी मोकळ्या खाचेवर आणून मुठीचे मागचे टोक टेबलाच्या कडेवर हलके ठोकले की पाते बाहेर डोकावते.

लॉक तपासायला उघड्या चाकूची पाठ लाकडावर धाडकन आपटून पाहणारे पुष्कळ आहेत. त्यातून लॉकची खरी ताकद कळत नाही, उलट जिभेचा काठ मात्र चेपतो. त्याऐवजी पाठ टेबलाच्या कडेवर टेकवून, बोटे पात्याच्या वाटेबाहेर ठेवून, हळूहळू दाब वाढवावा. सरकणारे लॉक तेवढ्यातही सरकते.

पाते सात-आठ सेंटिमीटरचे पुरे. जाडीबद्दल मात्र लोकांची समजूत नेमकी उलटी असते. चार मिलिमीटर पाठीचे पाते भक्कम दिसते, पण जाड पुठ्ठ्यात ते पाचरीसारखे अडकते आणि फळाचे काप निघायच्या ऐवजी फळ तडकते. पाठ दोन ते अडीच मिलिमीटर असावी. त्याहून महत्त्वाची जाडी धारेच्या चकाकत्या पट्टीच्या लगेच वरची. व्हर्नियरने मोजली तर ती ०.३ ते ०.५ मिलिमीटर भरावी. मोजायचे साधन नसेल तर त्या पट्टीची रुंदी बघावी. ती केसासारखी बारीक असली की पाते पातळ उतरवलेले आहे. दीड-दोन मिलिमीटर रुंद दिसत असेल तर धारेमागे धातू फार जाड ठेवला आहे आणि असा चाकू नवा असतानाही नीट कापणार नाही.

करवती दातांचे पाते दोरीवर छान चालते, पण सपाट निसण्यावर त्याला धार लावता येत नाही. दर दाताला वेगळी बारीक गोल कांडी फिरवावी लागते, आणि ते कुणी करत नाही. धारेची रेषा आतल्या बाजूला वळलेली असेल तर तीही टाळावी. आणखी एक गोष्ट सहसा कुणी पाहत नाही. धार जिथे मुठीजवळ संपते, तिथे लहानशी खाच आहे का? ती नसेल तर निसणा बुडाच्या जाड भागाला अडतो, मागचे दोन-तीन मिलिमीटर घासायचेच राहतात आणि काही वर्षांनी तिथे उंचवटा उरतो. मग पाटावर कापताना त्याच्या पुढची धार पाटाला टेकतच नाही आणि भाजीचे काप एकमेकांना चिकटून राहतात.

पोलादाबद्दल थोडक्यात. व्हिक्टोरिनॉक्सचे पाते कठीणतेच्या रॉकवेल सी मापावर ५६च्या आसपास असते. ते लवकर बोथट होते आणि तितक्याच लवकर, साध्या निसण्यावरही, धारेला येते. १२सी२७ किंवा १४सी२८एन या नावांच्या पोलादांसारखी बारीक दाण्याची पोलादे याच मापावर ५७ ते ६०पर्यंत नेली की रोजच्या वापराला पुरून उरतात. त्यापुढच्या महाग पोलादांत व्हॅनेडियम कार्बाइड हे फार कठीण संयुग असते. त्याचे कण नेहमीच्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या निसण्यापेक्षाही कठीण असतात, म्हणून तिथे हिऱ्याची पट्टी लागते. ज्याच्याकडे ती नाही, त्याच्या खिशात असा चाकू बोथटच राहतो. डी२ नावाच्या पोलादात गंज रोखणारे क्रोमियम सुमारे १२ टक्के असते, पण त्यातले बरेचसे कार्बाइडमध्ये अडकलेले असल्याने फळाचा आंबट रस किंवा घाम तसाच राहू दिला तर त्यावर डाग आणि गंज धरतो.

धार लावताना कोनाचा बाऊ करायला नको. दर बाजूला १५ ते २० अंश ठेवावेत. पाते २० मिलिमीटर रुंद असेल, तर पाठ निसण्यापासून ६ मिलिमीटर उचलली की साधारण साडेसतरा अंश होतात. धारेच्या चकाकत्या पट्टीवर आधी काळ्या मार्करने रेघ ओढावी. एक-दोन हात मारून पाहावे. शाई पट्टीभर, अगदी काठापर्यंत गेली तर कोन बरोबर, नुसती वरच्या बाजूने गेली तर पाठ खाली राहते आहे. हजार दाण्याचा निसणा पुरतो, धार फारच गेली असेल तर आधी चारशेचा (आकडा जितका लहान, तितका निसणा खरखरीत). एकच बाजू घासत राहावे, जोवर दुसऱ्या बाजूला मुठीपासून टोकापर्यंत धातूचा खरखरीत काठ बोटाला लागत नाही. तो काठ पूर्ण लांबीभर येण्याआधी बाजू बदलणे, हेच धार न लागण्याचे नेहमीचे कारण. मग दुसरी बाजू तशीच. शेवटी बाजू आलटून-पालटून, दाब कमी कमी करत, आठ-दहा हात आणि चामड्याच्या पट्ट्यावर धारेच्या उलट दिशेने थोडे फेर.

सांध्याला महिन्यातून एकदा खनिज तेलाचा एक थेंब द्यावा. खाण्याच्या पदार्थांना चाकू लागत असेल तर खाद्य दर्जाचे तेल घ्यावे. खोबरेल, शेंगदाणा तेल किंवा इतर कुठलेही खाद्यतेल घालू नये. ही तेले कालांतराने खवट होतात, बरीचशी चिकट होऊन धूळ धरतात आणि पाते अडखळते. मळ साचला असेल तर तेल घालण्याआधी कोमट साबणपाण्यात पाते दहा-वीसदा उघडझाप करून घ्यावे आणि पूर्ण कोरडे करावे.

शेवटी कायद्याचे. चांगले लॉक असलेला चाकू सगळीकडे चालेलच असे नाही. ब्रिटनमध्ये सबळ कारणाशिवाय सार्वजनिक जागी बाळगता येतो तो घडीचा, बिनलॉकचा आणि ३ इंचांपेक्षा (७.६२ सेंटिमीटर) जास्त धार नसलेला. जर्मनीत एका हाताने उघडून लॉक होणारा चाकू बाळगण्यावर निर्बंध आहेत. त्यामुळे प्रवास वारंवार घडत असेल तर नखाने उघडायचा बिनलॉकचा चाकूच सोयीचा, आणि विमानाला जाताना तो हातातल्या सामानातून काढून आत द्यायच्या बॅगेत टाकायचा.

आपला,
एक वाचक