सोन्या, तुझ्या आजोबांबद्दल

प्रिय सोन्या,

परवा फोनवर तू म्हणालास ना, की आजोबा युद्धात होते एवढंच मला माहितीये, कुठे होते, काय केलं, कधी बोललेच नाहीत, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय. बोलायला गेले असते तर रडूच आलं असतं म्हणून लिहितेय.

अण्णा 1968 ला बेळगावला भरती झाले, मराठा लाईट इन्फंट्रीच्या सेंटरला. आपल्याकडे यात नवल काहीच नाही, तुझ्या आज्जीचं माहेरच अपशिंगे मिलिटरी, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले 46 जण गेले, अजूनही तिथली पोरं पहाटे रस्त्यावर पळताना दिसतात. ट्रेनिंग संपल्यावर अण्णांना मिळाली पहिली मराठा म्हणजे जंगी पलटण, आणि तीन वर्षांत 1971 चं युद्ध लागलं. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते, आज तू आहेस तेवढेच.

त्यांनी मला आपणहून सांगितलेली गोष्ट एकच, जमालपूरच्या चिठ्ठीची. आत्ताच्या बांगलादेशात उत्तरेकडून ढाक्याला जायच्या वाटेवर ब्रह्मपुत्रेच्या काठावर जमालपूर आहे, तिथे पाकिस्तानची 31 बलुच ही पलटण पक्की मोर्चेबंदी करून बसलेली. आपल्या ब्रिगेडच्या क्लेर साहेबांनी त्यांच्या कर्नलला चिठ्ठी पाठवली की तुम्हाला घेरलंय, उगाच माणसं मारू नका, शरण या. तर उत्तराच्या कागदात गुंडाळून बंदुकीची गोळी आली, आणि लिहिलेलं की पेन तुम्ही छान चालवता, पुढच्या वेळी तुमच्या हातात स्टेनगन दिसू दे. अण्णा एवढं सांगायचे आणि थांबायचे. मग काय झालं विचारलं तर म्हणायचे, "मग काय, झालं."

काय झालं ते मला अण्णांच्या दहाव्याला कळलं. त्यांच्या पलटणीतले एक काका कोरेगावहून आलेले, वाकून चालतात पण नजर तल्लख. त्यांनी सांगितलं की पलटण आधीच नदी ओलांडून जमालपूरच्या मागे जाऊन बसलेली, ढाक्याच्या रस्त्यावर. नदी ओलांडायला गावकऱ्यांच्या होड्या, सामान वाहायला त्यांच्याच बैलगाड्या, लोकांनी जीव ओवाळून टाकावा तशी मदत केली म्हणे. 10 डिसेंबरच्या रात्री बलुचवाले जमालपूर सोडून ढाक्याकडे निघाले आणि सरळ आपल्या लोकांच्या मोर्चांवर येऊन धडकले. अंधारात समोर काय आहे दिसत नाही, नुसता फायरिंगचा उजेड, आणि 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ऐकू आलं की समजायचं आपला माणूस तिकडे आहे. ते पहाटेपर्यंत चाललं. 11 तारखेला जमालपूर पडलं. त्याच संध्याकाळी टांगाईलला आपली 2 पॅरा ही पलटण विमानातून पॅराशूटने उतरली, दुसऱ्या दिवशी अण्णांची पलटण पुढे जाऊन पुंगली पुलापाशी त्यांना मिळाली. ती पलटणही मूळची मराठाच, काका म्हणाले इतक्या दिवसांनी दुसऱ्या पलटणीच्या तोंडून मराठी ऐकली आणि आमच्या डोळ्याला पाणी आलं. 16 ला ढाका.

त्या रात्री अण्णांच्या शेजारच्या खंदकात त्यांचा जोडीदार होता, बेळगावपासून एकाच बराकीतला. तो सकाळ बघायला राहिला नाही.

तुला लहानपणी अण्णा वर्षातून एकदा एका म्हाताऱ्या आजीकडे घेऊन जायचे, आठवतंय? कौलारू घर, दारात शेवगा, तुला गूळ-शेंगदाणे द्यायची ती. ती त्या जोडीदाराची आई. दर 16 डिसेंबरला अण्णा तिच्यासाठी लुगडं घेऊन जायचे, मी लहान असल्यापासून बघतेय, पोस्टिंगवर असले तर मनीऑर्डर जायची. ती वारली तेव्हा तिच्या भावकीला विचारून अण्णांनी डोकं भादरलं. लोकांनी विचारलं कोण लागत होती, तर म्हणाले आई.

मला बाप म्हणून अण्णा थोडे थोडेच मिळाले बघ. वर्षाकाठी सुट्टीवर यायचे, काळी ट्रंक ओसरीवर टेकवायचे आणि मी आज्जीच्या पदरामागे लपायचे, ओळख होईस्तोवर सुट्टी संपत यायची. बाकी वर्षभर अंतर्देशीय पत्र, त्यात शेवटच्या दोन ओळी माझ्यासाठी, अभ्यास कर, आईला त्रास देऊ नको. माझी शाळा, आजारपणं, यातलं काही त्यांनी पाहिलं नाही. नोकरीच तशी होती, मला त्याची तक्रार कधी वाटली नाही, पण त्यांना आत कुठेतरी ते टोचत असणार, कारण तू झालास आणि हा माणूस गावचं घर सोडून साताऱ्यात आमच्याकडे येऊन राहिला. लेकीच्या घरी राहणं आपल्याकडे किती नावं ठेवतात तुला कल्पना नाही. भावकीतले टोमणे मारायचे, अण्णा ऐकून घ्यायचे आणि तुझी दुपटी वाळत घालायचे.

बालवाडीत तू रडायचास म्हणून शाळेसमोरच्या पारावर शाळा सुटेपर्यंत बसून राहायचे, खिडकीतून तुला दिसतील असे. तुझ्या बुटांना पॉलिश कुणाला करू द्यायचे नाहीत, आधी ब्रश, मग ओलं फडकं, टोकावर तोंडाची वाफ, मग बोटाला बनियनचा तुकडा गुंडाळून गोल गोल घासायचे, त्यात तुझं नाक दिसलं पाहिजे. वह्यांना खाकी कव्हर घालताना कोपरे असे दुमडायचे की वर्षभर फाटायची बिशाद नाही. आणि पोहायला शिकवायला पाठीला डबा बांधून तुला विहिरीत ढकललं तेव्हा मी किती भांडले त्यांच्याशी! तेव्हा फक्त एवढंच म्हणाले, "पाण्याला घाबरणारी पोरं मी पाहिलीत, रात्री, नदीच्या काठावर. हा घाबरायचा नाही." त्याचा अर्थ मला दहाव्याच्या दिवशी त्या काकांचं ऐकताना लागला.

'पूर्वी स्टार' आणि 'संग्राम मेडल' ही त्यांची युद्धाची पदकं त्यांच्या ट्रंकेत सापडली, प्लास्टिकच्या पिशवीत. त्याच पिशवीत तुझी पहिलीची ओळखपत्राची फीत, तुझा पडलेला दात आणि तू काढलेलं रणगाड्याचं चित्र. मी काहीच वेगळं केलेलं नाही, तसंच ठेवलंय.

काकांनी तुला बघायचंय म्हणून दोनदा फोन केला. अजून खूप काही सांगतील, मला सांगताना बाई माणूस म्हणून हात राखून सांगत होते असं वाटलं. वय झालंय, दिवाळीपर्यंत थांबू नको, जमेल तेवढ्या लवकर रजा टाक, शनिवारी आलास तर रविवारी सकाळच्या एसटीने कोरेगावला जाऊ. 

तुझी आई