अंदमान सहल : रविवारच्या बैठकीला नक्की या

सर्व सभासदांना नमस्कार,

अंदमान सहलीची शेवटची बैठक येत्या रविवारी संध्याकाळी ६ वाजता आपल्या सभागृहात आहे. नावं दिलेल्या प्रत्येक घरातून निदान एकाने यायचंच आहे.

येताना सगळ्यांच्या, लहान मुलांच्यासुद्धा, आधार कार्डाची झेरॉक्स आणि राहिलेला हप्ता आणा. विमानाच्या आणि बोटीच्या तिकिटावर ओळखपत्राप्रमाणेच नाव लागतं, म्हणून स्पेलिंग तिथेच तपासून घ्या.

आणखी काही :

• तिथे जानेवारीत सव्वापाच-साडेपाचलाच सूर्य मावळतो. हॅवलॉकच्या (आताचं स्वराज द्वीप) राधानगर किनाऱ्यावर सूर्यास्त बघायचा तर दुपारची झोप विसरा.

• बोट लागणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी जवळ ठेवा. थोडी रोख रक्कमही असू द्या, नेटवर्कचा भरवसा नसतो.

• किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडासुद्धा उचलायचा नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्याने प्रवाळाला संरक्षण आहे आणि परतताना बॅगा तपासतात. मुलांना आधीच समजावून सांगा, कृपया.

• पोहायचं फक्त परवानगी असलेल्या जागीच. खाऱ्या पाण्यातल्या मगरी तिथे आहेत.

सेल्युलर जेलसाठी आपण अख्खी सकाळ ठेवली आहे. सात इमारतींपैकी आता तीनच उरल्यात. सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला आहे. ज्येष्ठांनी जिने सावकाश चढावेत, आम्ही थांबू. खाली अंगणात कोलू (कैद्यांना जुंपायचे तो तेलाचा घाणा) आहे, तो जवळून बघा.

रविवारी येणं शक्य नसेल तर शनिवारपर्यंत कळवा.

– सहल समिती