हो म्हणण्याआधी कॅपॅसिटर तपासून घे

अकोला, १४ मे

चि. सौरभ,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, "आई, एसीच्या दुरुस्तीचे एकवीस हजार सांगितलेत, देऊन टाकतो." मागे बाळ रडत होतं, म्हणून मी तेव्हा फार बोलले नाही. पण रात्रभर तोच आकडा डोक्यात होता. नागपूरचा मे महिना, घामोळ्यांनी बेजार झालेलं आठ महिन्यांचं लेकरू, आणि दारात उभा माणूस सांगतो की कंप्रेसर गेला. अशा वेळी कुणाच्याही तोंडून हो निघून जाईल. तू अजून म्हणू नकोस. दोन दिवस खिडकीत कूलर लाव आणि तेवढ्यात हे करून घे.

सकाळीच मामाच्या दुकानात गेले होते. तू सांगितलंस तसंच त्याला सांगितलं: आतून साधी हवा येते, बाहेरच्या युनिटचा पंखा फिरतो, कंप्रेसर जरा घूं करतो आणि गप्प होतो. त्याने हातातला पाना खाली ठेवला आणि पहिलं विचारलं, "कॅपॅसिटर तपासला का?" तुझा एसी इन्व्हर्टरवाला नाही. अशा साध्या एसीत कंप्रेसर सुरू व्हायला जो जोर लागतो, तो कॅपॅसिटरमुळे मिळतो. उन्हात तापून तापून तो कमजोर होतो, कधी वरून फुगतोही. पार्ट काही शे रुपयांचा. समजा त्यावर ५० मायक्रोफॅरड छापलंय आणि मीटर २०-२५ दाखवतोय, तर तो गेला. पण तू स्वतः झाकण उघडायचं नाहीस. मेन स्विच बंद केला तरी त्यात करंट साठून राहतो.

कालच्या माणसाने मीटर लावला होता का, हे मी तुला मुद्दाम विचारलं. "नाही, हात लावून बघितलं" म्हणालास. हात लावून कंप्रेसर गेल्याचं कळत नाही रे. आणि खरंच गेला असेल, तर आधी वॉरंटी कार्ड शोध. बऱ्याच कंपन्या कंप्रेसरची वॉरंटी मशीनपेक्षा कितीतरी जास्त वर्षं देतात. तुझा एसी पाच वर्षांचाही झालेला नाही. कंप्रेसर फुकट मिळाला आणि गॅस-मजुरीचेच पैसे लागले, असंही होऊ शकतं.

आता त्या कोटेशनमधले गॅसचे ३,८०० रुपये. यावर मी जरा जास्त लिहिते, कारण हे मी भोगलंय. तुझे बाबा ऑपरेशन होऊन घरी आले त्या उन्हाळ्यात आपला एसी थंड करेना. एकाने येऊन गॅस भरला, चार हजार घेतले. महिन्याभरात पुन्हा तेच, पुन्हा चार हजार. बाबा पलंगावर तळमळत होते, मी काहीही विचारलं नाही, पैसे मोजून दिले. शेवटी मामा आला. बाहेरच्या युनिटला तांब्याचा पाइप जोडतात त्या नटाभोवती तेलकट डाग होता आणि त्यावर धूळ बसून काळं कडं झालं होतं. त्याने साबणाचा फेस लावला, तर तिथून बारीक बुडबुडे यायला लागले. गॅससोबत कंप्रेसरचं तेलही झिरपतं, म्हणून तो डाग. दोन वेळा गॅस भरणाऱ्याला तो दिसला नसेल, हे मला आजही पटत नाही.

एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळीत तोच फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळतोय. म्हणून त्याला एवढंच विचार, "लीक कुठंय ते दाखवा." लीक बंद करायचं, पंपाने नळीतली हवा ओढून काढायची (त्याला व्हॅक्यूम म्हणतात), मग गॅस वजन करून भरायचा. बाहेरच्या युनिटच्या स्टिकरवर कोणता गॅस, आर-३२ की दुसरा, आणि किती ग्रॅम, हे छापलेलं असतं.

दुसऱ्याला बोलावशील तेव्हा व्हिजिटचे पैसे आधी विचार. काय बदलणार, किती लागतील, १८ टक्के जीएसटी धरून की वेगळा, हे कागदावर घे. काढलेला जुना पार्ट तुझ्याकडेच ठेवून घे. बिल असलं तर पुढे काही वाकडं झालं तरी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार करता येते.

पण घासाघीस करून कारागिराला रडवू नकोस. भर दुपारी तिसऱ्या मजल्याच्या बाहेर लटकून काम करणाऱ्या पोराला मजुरी पुरेपूर दे, आधी गार पाणी दे. मामानेही ऐन उन्हात हेच करून घर चालवलंय. नसलेल्या बिघाडाचे पैसे मात्र देऊ नकोस.

मधुराला सांग, बाळाला सुती झबलंच घाल, पावडर थापू नको. स्टिकरचा आणि कोटेशनचा फोटो आजच पाठव. मामा रात्री आठपर्यंत दुकानात असतो, मी त्याला थांबायला सांगितलंय.

तुझी,
आई