गाडीच्या आतल्या दिव्याला साडेसहा हजार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाऊस सुरू झाला की तुमच्याकडे खड्ड्यांवर पत्रं येतात, यावीतच, पण माझं गाऱ्हाणं खड्ड्याचं नाही, गाडीच्या छताला आतून तो एक बारका दिवा असतो ना, त्याचं आहे. हसू नका, पुढे वाचा.

माझी गाडी 11 वर्षं जुनी, साधी पेट्रोल, आणि आम्ही चिपळूणचे, म्हणजे पाऊस किती ते वेगळं सांगायला नको. मागच्या महिन्यात रात्री घरी आलो, दार उघडलं तर आत काळोख. बायको म्हणाली बल्ब गेला असेल. नवीन आणला, बसवला, तरी काळोखच. मग गॅरेजला नेली. तिथल्या पोराने बल्ब काढला, हलवला, परत लावला आणि दोन मिनिटांत निकाल, "काका वायरिंग गेलंय, डॅशबोर्ड खोलायला लागेल, साडेसहा हजार धरून चाला." दिवा केवढा, बिल केवढं! मी म्हटलं विचार करून सांगतो आणि गाडी घेऊन सरळ घरी.

आमच्या शेजारी एक नाना आहेत, सगळं आयुष्य रिक्षा-ट्रकचं वायरिंग करण्यात गेलं, आता डोळ्यांना कमी दिसतं म्हणून काम बंद. ते खाली पण आले नाहीत, गॅलरीतूनच विचारलं, "अरे बटण ऑनवर टाकून बघितलंस का?" नव्हतं बघितलं! त्या दिव्याचं बटण तीन जागी थांबतं, ऑफ, ऑन आणि मधली जागा दाराची, मी ते मध्ये ठेवून इतकी वर्षं विसरूनच गेलेलो. ऑनवर टाकलं तर लख्ख उजेड. नाना म्हणाले झालं मग, बल्ब चांगला, फ्यूज चांगला, बॅटरीकडून येणारी वायर पण चांगली, आता फक्त दाराकडे बघायचं. जुना बल्ब पण चांगलाच होता म्हणजे, तो मी टाकून दिलेला, बायकोने कचऱ्याच्या डब्यातून काढून हातात दिला, ते असो.

तर गंमत अशी आहे की जुन्या गाड्यांत बहुतेक वेळा या दिव्याला प्लस कायम आलेलाच असतो, दार उघडलं की चौकटीतलं ते रबरी टोपीचं बटण बाहेर येतं आणि मायनस म्हणजे अर्थिंग गाडीच्या पत्र्यातून जोडलं जातं. बटण एका स्क्रूवर बसलेलं, आणि तोच स्क्रू त्याचं अर्थिंग. आता कोकणातला पाऊस, दार उघडं टाकून सामान काढणं, ओल्या छत्र्या, त्या स्क्रूखाली गंज चढणार नाही तर काय होणार. नानांनी एकेक दार वेगळं उघडायला लावलं, डाव्या बाजूच्या दाराने दिवा लागला, ड्रायव्हरच्या दाराने नाही, म्हणजे दुखणं त्या एका बटणातच. स्क्रू काढला, वायर सुटी करून उघड्या पत्र्याला टेकवली, दिवा लागला! बटण आणि जागा पॉलिश पेपरने घासली, परत बसवलं, खर्च शून्य. एक मात्र सांगतो, वायर सुटी केलीत की तिला आधी कपड्याचा चिमटा लावा, नाहीतर ती चौकटीच्या भोकात आत जाते आणि मग खरोखरच गॅरेज गाठायला लागतं, माझी जाता जाता राहिली.

ऑनवर पण दिवा लागला नाही तर आधी फ्यूज बघा. पुष्कळ गाड्यांत आतला दिवा, घड्याळ, टेप सगळं एकाच फ्यूजवर असतं, सगळं एकदम गेलं असेल तर फ्यूजच. डॅशबोर्डखाली डबा असतो, बऱ्याचदा झाकणाच्या आतच नकाशा छापलेला असतो. लाल फ्यूज 10 अँपिअरचा, निळा 15 चा, पिवळा 20 चा, जो गेला त्याच रंगाचा टाकायचा. लाल सारखा उडतो म्हणून पिवळा टाकणारे आणि चांदीचा कागद गुंडाळणारे महाभाग मी बघितलेत, अहो तो उडतो म्हणजे बहुधा कुठेतरी वायर पत्र्याला लागतेय, मोठा टाकलात तर फ्यूजच्या ऐवजी वायर जळेल. अशा वेळी आधी मागाहून बसवून घेतलेली चार्जर, रंगीत दिव्यांच्या पट्ट्या वगैरे सगळी कलाकुसर काढून बघायची. उंदरांचा पण विचार करा, ते रबर आवडीने कुरतडतात. आणि डिकीचा दिवा झाकण हलवलं की लुकलुकत असेल तर बिजागराशी जी रबरी नळी आहे तिच्या आत रोज वाकून वाकून वायर तुटलेली असते, बाहेरून धड दिसते.

उलटं दुखणं पण असतं, दिवा विझतच नाही. आमचा बल्ब 10 वॅटचा, 12 व्होल्टवर साधारण 0.8 अँपिअर, 35 अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर चाळीसेक तास चालेल, पण स्टार्टरला एका झटक्यात शंभराच्या वर अँपिअर लागतात, म्हणून बॅटरी जुनी असेल तर पोरांनी रात्रभर दिवा चालू ठेवला की सकाळी धक्का ठरलेला. एलईडी टाकल्यावर बंद असताना पण मिणमिण करतो, असं काहीजण घाबरून सांगतात, ते बहुतेक वेळा सर्किटातून पाझरणाऱ्या अगदी बारीक करंटमुळे, जुन्या बल्बला तेवढ्याने काही होत नव्हतं एवढंच. आणि नवीन एलईडी लागलाच नाही तर फेकू नका, उलटा फिरवून लावा.

हे सगळं जुन्या गाडीचं. नव्या गाड्यांत दाराची खबर कॉम्प्युटरला जाते, दिवा हळूहळू विझतो, दार उघडं राहिलं तरी काही वेळाने आपोआप बंद होतो, तिथे वायर पत्र्याला टेकवायचे प्रयोग करू नका. छताच्या कडेने एअरबॅगच्या वायरी पण जातात, बहुतेक वेळा पिवळ्या कनेक्टरच्या, त्यांना तर हातच नको, तिथे जाणकार माणूसच हवा.

गॅरेजवाल्यांवर सरसकट राग नाही, चांगले पण आहेत, पण बटण ऑनवर न टाकता, फ्यूज न बघता, टेस्टर न लावता डॅशबोर्ड खोलायची भाषा कशाला? एस्टिमेट देताना काय काय तपासलं ते दोन ओळीत लिहून द्यायची पद्धत पडली पाहिजे, गिऱ्हाइकाने पण ते मागून घ्यावं. पत्र लांबलंय, कापायचं असेल तर कुठेही कापा, पण फ्यूजच्या रंगांचा भाग तेवढा ठेवा.

आपला एक नेहमीचा वाचक,
चिपळूण