लासाल रस्त्यावरचं दार

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोटो परवापासून चारदा मोठा करून पाहिला. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे कलासंग्रहालयाच्या बाहेर, मन्रो आणि कोलंबसच्या कोपऱ्यावर तू उभी आहेस आणि पाठीमागे ती कमान. "बाबा, ही कसली वेस?" असं विचारलंस. वेस नव्हे, ते दार आहे. शिकागो स्टॉक एक्स्चेंजच्या, म्हणजे तिथल्या शेअरबाजाराच्या इमारतीचं.

ती इमारत तिथं कधीच नव्हती. ती होती लासाल आणि वॉशिंग्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावर. डँकमार ॲडलर आणि लुई सलिव्हन या वास्तुविशारदांनी १८९४ साली पुरी केलेली, १३ मजली, आतून पोलादी सांगाडा, अंगावर टेराकोटा, म्हणजे भाजलेली माती. समोरच्या बाजूला एक खिडकी पुढे आलेली, तिच्या शेजारची रुंद आणि सपाट, असं वरपर्यंत. जुन्या फोटोत बघ, उन्हात भिंतीला लाटा आल्यासारखं वाटतं.

मला मात्र तिचा पाया जास्त आवडतो. शिकागोची माती मऊ, चिकण. म्हणून खाली लाकडी पाइल, म्हणजे लांब खांब, जमिनीत ठोकले. पण पश्चिमेला लागून 'शिकागो हेरल्ड' या वर्तमानपत्राचा छापखाना होता आणि घणाच्या हादऱ्यांनी त्याची यंत्रं हलली असती. तेव्हा त्या बाजूला ठोकाठोक बंद ठेवून, फळ्यांचा आधार देत खोल विहिरी खणल्या आणि काँक्रीटनं भरल्या. पुढे शिकागोच्या उंच इमारती याच रीतीवर उभ्या राहिल्या. दादरला आमचं पायलिंग चालू असताना शेजारच्या चाळीत मांडणीवरची भांडी वाजायची, तू लहान होतीस तेव्हा. शेजाऱ्याचा विचार करून पाया बदलणारा ॲडलर मला म्हणूनच फार मोठा वाटतो.

दुसऱ्या मजल्यावर सौद्यांचा हॉल होता. भिंतींवर आणि छतावर स्टेन्सिलनं काढलेली नक्षी, वरून रंगीत काचांतून येणारा उजेड. स्टॉक एक्स्चेंज १९०८ मध्येच तिथून निघून गेलं. पुढे जागेला जास्त भाडं देईल असा टॉवर हवा झाला. लोकांनी मोर्चे काढले, पण शहरानं संरक्षण नाकारलं आणि १९७२ मध्ये इमारत पाडली.

रिचर्ड निकेल नावाचा फोटोग्राफर सलिव्हनच्या इमारती पडत असताना त्यांचे फोटो काढायचा, नक्षीचे तुकडे वाचवायचा. १३ एप्रिल १९७२ ला तो तिथं एकटाच आत गेला आणि इमारतीचा भाग त्याच्यावर कोसळला. त्याचा देह जवळजवळ चार आठवड्यांनी सापडला. वय ४३. तो आणि सलिव्हन, दोघेही शिकागोच्या ग्रेसलँड दफनभूमीत आहेत. (तू पडक्या जागी एकटी जायचं नाहीस, फोटोसाठीसुद्धा नाही. हे बापाचं सांगणं आहे.)

त्याचा मित्र जॉन विन्सी यानं वाचलेल्या तुकड्यांवरून तो हॉल आर्ट इन्स्टिट्यूटच्या आत पुन्हा उभा केला. कमानीपासून तो काही पावलांवर आहे, आणि तू बाहेरूनच परत आलीस! या रविवारी आत जा. तासभर बस. आणि कमानीवरची गोल पदकं जवळून बघ. एकावर १८९३ हे साल आहे, दुसऱ्यावर एक घर कोरलंय. स्टॉक एक्स्चेंज बांधण्याआधी त्याच जागेवर असलेलं विटांचं घर. त्या जागेवर बांधणाऱ्यांनी निदान त्याचं चित्र दारावर ठेवलं.

आपला वाडा पाडला तेव्हा मी फक्त गणेशपट्टीची चौकट सोडवून आणली. काकाच्या हॉलमध्ये भिंतीला लावलेली आहे ती. इंजिनिअर असूनही मी माजघराचं, जिन्याचं, परसातल्या विहिरीचं माप घेतलं नाही. एकही सरळ फोटो नाही. आजीला अजून सगळं आठवतं, कुठल्या खांबाला कुठला कोनाडा ते. डिसेंबरात येशील तेव्हा आलेखाच्या कागदाची वही आण. ती सांगेल, तू काढ, मी मापं अंदाजानं घालीन.

थंडीत कान झाकून फिर.

तुझे
बाबा